जुन्या मारुती झेन गाडीच्या डिकीचे शॉकर

भावा, डिकी उचलून धरणारे गॅसचे शॉकर बदलायला घाबरू नको, काम सोपं आहे. आधी डिकीला भक्कम टेकू दे. मी खानापुरात झाडूच्या दांड्यावर विसंबलो; दांडा सटकला आणि डिकी थेट मानेवर!

- शॉकर जोडीनंच बदल. नळकांड्यावर न्यूटनचा, म्हणजे ताकदीचा, आकडा छापलेला असतो, तोच घे. नुसती लांबी जुळवून जादा ताकदीचा बसवलास तर बिजागऱ्यांवर ताण येतो.
- शॉकरच्या टोकाची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरनं जराशीच उचल. उपटलीस की तुटलीच.
- डिकी बंद असताना शॉकरचा दांडा खालच्या बाजूला हवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. नवखे इथंच चुकतात.

जुना कापू नको, तापवू नको. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

आणि डिसेंबरात बेळगावच्या थंडीत सकाळी डिकी जड वाटली तर लगेच दुकान गाठू नको. थंडीत आतल्या गॅसचा दाब उतरतो; दुपारी उन्हात परत उघडून बघ की.