रूळ आले, गाव वसलं. मग काही गावं नाहीशी का झाली?

प्रश्न : अमेरिकेत युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या रुळांलगत गावं वसली. काही टिकली, काही पुसली गेली. असं का?

उत्तर : तुमचा प्रश्न माझ्या फार आवडीचा. वायोमिंगमधली दोन गावं घ्या, दोन्ही १८६८ सालची. बेंटन जेमतेम तीन महिने जगलं. नदी काही मैलांवर, त्यामुळे पाणी पिंपांत भरून गाडीने आणायचं आणि विकत घ्यायचं. घरं म्हणजे कापडी तंबू आणि फळ्यांच्या भिंती. रूळ पुढे सरकले तसे दुकानदारांनी तंबू उतरवले, फळ्या सुट्या केल्या, सगळं लादून पुढचा मुक्काम गाठला. मागे उरली धूळ आणि थडगी. त्या थडग्यांचं मला आजही वाईट वाटतं.

लॅरमीही तसंच तंबूंचं, सुरुवातीला गुंडांनी पोखरलेलं. पण तिथे जिवंत झरे होते आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागतंच. कंपनीने इंजिनदुरुस्तीचे कारखाने उभारले, कामगारांना कायमची नोकरी मिळाली, त्यांची कुटुंबं आली. ६ सप्टेंबर १८७० रोजी याच गावात लुईझा स्वेन या वयस्क बाईंनी मतदान केलं; वायोमिंगमध्ये मत देणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. गाव वसून तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती!