आर्किटेक्टचा शिक्का कसा असावा? दुसरा शिक्का ड्राफ्ट्समनकडे ठेवला तर चालतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी नुकतीच आली, धुळ्यात काम सुरू करताय, तर शिक्का गोल की चौकोनी, किती मोठा, कोणत्या शाईचा. शेवटी जाता जाता लिहिलंय की ओळखीतला ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढून देणारा, म्हणतो, दोन बनवा आणि एक माझ्याकडे ठेवा. पहिल्या प्रश्नासाठी मी लिहायला बसलो नसतो. या शेवटच्या ओळीसाठी बसलोय.

तरी आधी शिक्का. आर्किटेक्ट्स ॲक्ट 1972 मध्ये आर्किटेक्टच्या शिक्क्याचा आकार, माप, रंग काहीही ठरवून दिलेलं नाही. एक ते दोन इंच व्यासाचा गोल, कडेने राज्याचं नाव, हे नेटवर दिसतं ते कॅलिफोर्नियाच्या नियमातलं. आपल्याकडे गोल केला तर गुन्हा नाही, पण नंबर वळणावर जातो आणि स्कॅनमध्ये मरतो. आयताकृती घ्या, साधारण 60 बाय 25 मिलिमीटर. त्यावर कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे तसंच नाव, खाली ‘आर्किटेक्ट’, खाली नोंदणी क्रमांक पूर्ण: सीए, वर्ष आणि आकडा. पत्ता नको, ऑफिस बदलतं. अक्षरांची उंची 3 मिलिमीटरच्या खाली नको, कारण ए1 शीटची ए3 प्रत काढली की सगळं बरोबर निम्मं होतं आणि 3 चे दीड उरतात. मराठीत शिक्का करायचा असेल तर अक्षर आणखी मोठं ठेवा. ‘र्कि’मधला रफार आणि वेलांटी बारीक रबरावर शाईने एकमेकांत बुजतात आणि नुसता ठिपका उठतो.

शाई निळी किंवा जांभळी. काळा शिक्का झेरॉक्ससारखाच दिसतो, मूळ प्रत कोणती ते टेबलावर कळत नाही. ट्रेसिंग फिल्मवर पाण्याची शाई वाळत नाही, बोट लागलं की पसरते. शिक्का कागदाच्या प्रिंटवरच मारा. आपल्याकडच्या मे महिन्यात पॅड दोन दिवस उघडं राहिलं तरी कोरडं पडतं, मग लोक जोर देऊन मारतात आणि नंबरातला 3 आठसारखा उठतो. सही शिक्क्याला ओलांडून करा, अर्धी शिक्क्यावर, अर्धी कोऱ्या कागदावर. खाली तारीख हाताने.

आता ड्राफ्ट्समन. नाही, चालत नाही. ‘सही करी द्या ना भाऊ, नुसता शिक्का तर मारायचा’ हे खान्देशात इतकं सर्रास ऐकू येतं की नवीन माणसाला तो व्यवसायाचाच भाग वाटतो. जळगावच्या प्लॉटवर पुण्याच्या शिक्क्याचा नकाशा दाखल होतो आणि शिक्केवाल्याने प्लॉट पाहिलेलाही नसतो. नकाशात बाजूला सोडलेलं मोकळं अंतर दीड मीटर, जागेवर शेजाऱ्याची भिंत पुढे आलेली, उरतो सव्वा. परवानगी मिळते, कारण कागदावर सगळं जुळतं. पण शिक्का एकदाच लागत नाही. जोत्याला लागतो, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याला लागतो. तिथे मोजमाप घेतलं की पाव मीटर उघडा पडतो, सहीवाला फोन उचलत नाही, भोगवटा प्रमाणपत्र अडकतं आणि मालक बँकेच्या हप्त्यासह भाड्याच्या घरात बसतो. ज्याने ‘सहीचे पैसे’ घेतले त्याला वाटतं काम संपलं. कागदावर मात्र त्या इमारतीचा आर्किटेक्ट तोच असतो.

‘कायद्यात दंड किती, पाचशे रुपये!’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. तो आर्किटेक्ट्स ॲक्टच्या कलम 37 मधला पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे, नोंदणी नसताना आर्किटेक्ट म्हणवणाऱ्यासाठी. तुमच्यासाठी कलम 30 आहे: गैरवर्तन सिद्ध झालं तर ताकीद, निलंबन किंवा रजिस्टरमधून नाव बाद. आणि कलम 2 प्रमाणे आर्किटेक्ट म्हणजे ज्याचं नाव सध्या रजिस्टरमध्ये आहे तो. नाव गेलं की डिग्री भिंतीवर राहते, शिक्का बाद. नूतनीकरण राहिलं तरी नाव निघू शकतं, तेव्हा मुदतीची तारीख लिहून ठेवा.

ऑनलाइन फाइलला रबरी शिक्क्याचा स्कॅन चिकटवणं म्हणजे सही नव्हे, ते चित्र आहे. तिथे क्लास 3 डिजिटल सिग्नेचर लागते, यूएसबी टोकनवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या, पिन लागणाऱ्या उपकरणावर. सही झाल्यावर फाइलमध्ये एक रेघ जरी हलवली तरी सही अवैध दाखवते. दुरुस्ती करून पुन्हा सही करायची. टोकन आणि पिन ड्राफ्ट्समनला देणं हाच तो दुसरा शिक्का. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 42 सहीची डिजिटल किल्ली (ती टोकनमध्ये असते) ताब्यात ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकतं. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला लगेच कळवावं लागतं. रबरी शिक्का हरवला तर पोलिसांत नोंद करा आणि जिथे फाइली चालू आहेत तिथे लेखी द्या.

एक राहिलं, नाहीतर सिव्हिलवाले माझ्यावर धावून येतील. पालिकेचा परवाना असलेला इंजिनिअर त्याच्या मर्यादेत स्वतःच्या शिक्क्याने नकाशा दाखल करू शकतो, ते कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं की कलम 37 ची बंदी ‘आर्किटेक्ट’ या पदनामावर आहे, डिझाइन करण्यावर नाही. म्हणजे काम त्याने जरूर करावं. बोर्डावर ‘इंजिनिअर अँड आर्किटेक्ट’ लिहू नये, आणि तुमचा शिक्का मागू नये.

शिक्का बनवायला टाकण्याआधी पॅन, कौन्सिलचं रजिस्टर आणि पदवी तिन्हींवरचं नाव एकच आहे का बघा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर डिजिटल सहीवर पॅनचं नाव येतं, शिक्क्यावर कौन्सिलचं, आणि फाइल नाव जुळत नाही म्हणून परत येते. आधी कौन्सिलकडे नाव बदलून घ्या, शिक्का त्यानंतर.