वाचकांचे प्रश्न : होडी एका बाजूला ओढते तेव्हा

प्रश्न : कर्ली खाडीत १६ फुटी फायबरची होडी चालवतो. मशीन १५ अश्वशक्तीचं, हँडलवालं आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायचं). वेग वाढवला की होडी उजवीकडे ओढते, हात भरून येतो. स्टीअरिंगचा बोल्ट आवळल्यावर बरं वाटतं. तसाच ठेवू का? (देवबाग)

उत्तर : नको, आधी तो सैल करा. बोल्ट आवळून ओढ जात नाही, हाताला कळेनाशी होते इतकंच. आणि समोर जाळ्याचा बोया आला की हँडल वेळेत वळत नाही. एका हातानं सहज वळेल एवढाच ताण हवा. फार सैल असेल तर हात सुटताच मशीन वळतं, होडी गिरकी घेते आणि माणूस पाण्यात जातो. म्हणून इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेलीच हवी.

आता मूळ कारण. तुमचा पंखा मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असणार. अशा पंख्याची ओढ उजवीकडे असते आणि मशीन मागच्या फळीकडे जास्त झुकलेलं असलं की ती वाढते.

आधी उंची पाहा. पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर २५ मिमी खाली हवी. तळापेक्षा बरीच वर गेली तर वळणावर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं गरगरतं आणि थंड ठेवणाऱ्या पंपाला पाणी कमी पडून तापतं. फळीची उंची मधोमध १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं मशीन), २० इंच असेल तर लाँग (लांब दांड्याचं).

मग झुकावाची पिन, म्हणजे मशीन फळीकडे किती झुकावं हे ठरवणारी. पूर्ण वेगात प्लेट पाण्याला समांतर राहील असं भोक निवडा. नाळ (होडीचं पुढचं टोक) पाण्यात घुसत असेल तर पिन एक भोक बाहेर, फळीपासून दूर सरकवा, नाळ उड्या मारत असेल तर एक भोक आत. एका वेळी एकच भोक, आणि दर वेळी नेहमीइतकीच माणसं, तेवढंच इंधन.

तरीही ओढ उरली तर प्लेटखालची छोटी पट्टी. इंजिन बंद करून तिचा बोल्ट सैल करा आणि होडी ज्या बाजूला जाते त्याच बाजूला, म्हणजे तुमच्याकडे उजवीकडे, पट्टीचं मागचं टोक थोडंसं फिरवा. बोल्ट घट्ट करून शांत पाण्यात पाहा. इथे बहुतेक जण उलट फिरवतात आणि ओढ वाढते. बऱ्याच मशीनांत हीच पट्टी झिंकची असते, गंज स्वतःवर घेते. तिला रंग लावू नका, अर्धी झिजली की बदला.

प्रश्न : रिव्हर्स टाकला की मशीन वर उचललं जातं.

उत्तर : टिल्टचा, म्हणजे मशीन वर उचलू न देणारा, लॉक लागलेला नाही. लिव्हर लॉकवर असूनही उचलत असेल तर लॉकचा आकडा (हूक) झिजलाय का किंवा मिठानं अडकलाय का ते बघा. बऱ्याच लहान मशीनांत हा आकडा झुकावाच्या पिनवरच अडकतो, त्यामुळे ती पिन नीट बसलेली नसेल तरी हेच होतं. दुरुस्ती होईपर्यंत रिव्हर्सला गॅस देऊ नका.