खरेदीचे तुकडे, कमी मुदतीचा माल आणि 'फुकट' यंत्र

प्रश्न : पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की आमच्या आरोग्य केंद्रात पॅरासिटामॉल संपते. दरवेळी तीन दरपत्रके मागवून थोडी थोडी खरेदी करतो. लेखापरीक्षणात 'खरेदीचे तुकडे पाडले' असा आक्षेप आला. रुग्ण दारात असताना दुसरे काय करायचे? (औषध निर्माण अधिकारी, ठाणे)

आक्षेप टिकणारा आहे. निविदेची मर्यादा (ज्या रकमेपुढे निविदा काढावीच लागते ती) टाळण्यासाठी मागणीचे भाग पाडू नयेत, हा खरेदीचा मूळ नियम. लेखापरीक्षक एकेक बिल बघत नाही, तो एकाच वस्तूच्या वर्षभराच्या बिलांची बेरीज करतो. तिन्ही दरपत्रकांवर शुद्धलेखनाची तीच चूक किंवा तोच फोन नंबर सापडला, तर ती एकाच हातची असल्याचा संशय येतो आणि प्रकरण आणखी वाढते.

पण खरी गडबड वार्षिक मागणीपत्रात असते. समजा, वर्षात 1,08,000 गोळ्या वाटल्या आणि त्यातले सुमारे दोन महिने साठा शून्य होता. बहुतेक ठिकाणी 12 ने भागून महिन्याला 9,000 धरतात. भागायचे 10 ने, म्हणजे 10,800. वर्षाचे 1,29,600, त्यात दोन महिन्यांचा राखीव साठा 21,600, म्हणजे 1,51,200. हातातल्या 8,000 आणि आदेश दिलेल्या पण न आलेल्या 20,000 वजा केल्या की मागणी 1,23,200. साठा नसलेले दिवस धरून सरासरी काढली, तर या वर्षीचा तुटवडा पुढच्या वर्षीच्या मागणीतही शिरतो. जून ते ऑक्टोबरचा खप वेगळा काढा आणि पुरवठ्याचे हप्ते त्याप्रमाणे मागा.

तरीही औषध संपले तर स्थानिक खरेदी जरूर करा, रुग्णाला परत पाठवू नका. मात्र फाइलमध्ये साठा नोंदवहीची त्या दिवशीची प्रत, मध्यवर्ती भांडाराचे 'उपलब्ध नाही' असे लेखी उत्तर आणि पुरवठादाराला पाठवलेले स्मरणपत्र हवे. खरेदी नियमित पुरवठा येईपर्यंत पुरेल एवढीच. हे कागद खरेदीच्या आधीच्या तारखेचे असावेत. नंतर जोडलेले कागद आवक-जावक क्रमांकावरून लगेच ओळखू येतात.

प्रश्न : पुरवठादाराने आणलेल्या अँटिबायोटिकची मुदत संपायला वर्षाहून जास्त अवधी आहे. करारात '75 टक्के आयुर्मान शिल्लक' अशी अट आहे. माल घ्यावा का? (भांडारपाल, नवी मुंबई)

वेष्टनावर उत्पादन जानेवारी 2025 आणि मुदत डिसेंबर 2026 असेल, तर एकूण आयुष्य 24 महिने, म्हणून 18 महिने शिल्लक हवेत. ऑगस्ट 2025 मध्ये माल आला तर 17 महिनेही उरत नाहीत. घेऊ नका. 'अटीनुसार नाही' असा शेरा चलनावर लिहून परत करा. तोंडी नकाराला अर्थ नाही.

खोके उघडूनच बघा. बाहेरच्या खोक्यावर एक बॅच आणि आतल्या पाकिटांवर दुसरी, असे घडते. चलन, चाचणी अहवाल आणि पाकीट, तिन्हीकडे बॅच क्रमांक एकच हवा. करारानुसार नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असेल, तर अहवाल येईपर्यंत माल वेगळा ठेवा आणि तोवर बिल मंजुरीला पाठवू नका. इन्सुलिनसारखा माल 2 ते 8 अंशांत आला का, हे तापमाननोंदीवरून तपासा. बर्फाच्या पिशव्या गार लागल्या, एवढे पुरेसे नाही. त्या थेट चिकटून इन्सुलिन गोठले असेल, तर ते वापरायचे नाही.

प्रश्न : एक कंपनी रक्ततपासणीचे यंत्र फुकट देते, फक्त रिएजंट (तपासणीला लागणारी रसायने) तिच्याकडून घ्यायचे. यात निविदा लागते का? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ऐरोली)

लागते. खर्च रिएजंटमध्ये लपलेला असतो. दर बाटलीचा मागू नका, 'प्रत्येक अहवाल देण्यायोग्य चाचणीचा' मागा. कॅलिब्रेशन (यंत्राचे मापन जुळवणे), कंट्रोल (यंत्र बरोबर मोजते का, हे ज्ञात नमुन्यावर तपासणे) आणि पुन्हा करावी लागणारी चाचणी त्यातच धरायला सांगा. देखभाल, बिघाड किती तासांत दुरुस्त होणार आणि तोवर पर्यायी सोय कोणाची, हेही निविदेतच लिहा. तपशिलात कंपनीचे नाव किंवा एकाच मॉडेलला बसणारी मापे टाकू नका. तासाला किती चाचण्या, किती नमुने, कोणत्या तपासण्या, एवढे सांगा. तसे न केल्यास एकच निविदा येते आणि पुन्हा मागवावी लागते.