डिझेल सांडलं, म्हणून बर्फातले जिवाणू विकत घेऊ नका

प्रश्न (निफाड तालुका, जानेवारी): इंजिनाजवळ कॅन कलंडून 20 लिटर डिझेल कांद्याच्या वाफ्यात गेलं. पात पिवळी पडून लोळली. दुकानदार म्हणतो, थंडीत आपल्या मातीतले जिवाणू झोपतात, बर्फातल्या जिवाणूंचं औषध एकरी 5 लिटर सोडा. सोडू का?

उत्तर: नको. अर्ध्या गुंठ्याच्या दुखण्याला एकराचा डोस सांगतो, तिथंच ओळखा.

बर्फातले जिवाणू खोटे नाहीत. अंटार्क्टिकात, अलास्कात ते तेल खातात. पण खरा शीतप्रिय जिवाणू साधारण 20 अंशांच्या वर वाढतच नाही, आणि ही बाटली मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात असेल तर आत काय उरलं असणार? निफाडला पहाटे पारा 6 वर आला तरी दुपारी 25 च्या पुढे जातो. वीतभर खालची माती तर पहाटेही तेवढी गारठत नाही. 1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल पसरलं, तेव्हा जिवाणूंकडून केलेल्या सफाईतही मुख्य भर खत टाकण्यावर होता. तेल खाल्लं तिथल्याच जिवाणूंनी. तुमच्या वाफ्यातही असे जिवाणू आहेत. त्यांना हवा, ओल आणि थोडं नत्र द्या.

वापसा आला की डिझेल मुरलेली माती खणून अर्ध्या गुंठ्यावर वीतभर थरात पसरा. चिखलात कुदळ घालू नका, ढेकळं होतील आणि आत हवा जाणार नाही. चार पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. (शेणखताशिवाय साहेबांना दुसरं सुचत नाही, असं गावात म्हणतात. म्हणू द्या.) दर पंधरा दिवसांनी माती खालीवर करा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी निथळू नये. थंडीत काम सावकाश चालेल, मार्चपासून वेग येईल.

युरिया सगळा मिळून तीन किलोच्या आत, तोही तीन हप्त्यांत. पोतं नाही! दुकानदार पोतंच सांगेल. जास्त युरियानं क्षार वाढतात आणि जे जिवाणू जगवायचे तेच मरतात. पुन्हा सांगतो, तीन किलो. साबणाची पावडर टाकून धुऊ नका, पाटाचं पाणी भरू नका. डिझेल खाली विहिरीकडे जाईल. तिथं तांब्याचं बुरशीनाशकही ओतू नका. लोळलेली पात जनावरांपुढे टाकू नका.

मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासतात, त्यात डिझेल नाही. त्यासाठी हेलपाटा नको.

उग्र वास गेला की त्या जागी मूठभर मेथी टाका. विरळ उगवली तर कांदा लावायची घाई नको, माती आणखी दोनदा खालीवर करा.