लघवीला जळजळ होतेय, औषध घेताना बाळाला पाजू का?

प्रश्न: ताई, माझं सिझर होऊन आज २२ दिवस झाले. परवापासून लघवीला खूप जळजळ होतेय, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब, ओटीपोटात पण दुखतं. ताप नाहीये. गरोदरपणात एकदा असंच झालेलं, तेव्हाच्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या ६ गोळ्या उरल्यात, त्या घेऊ का? सासूबाई म्हणतात औषध चालू असेपर्यंत अंगावर पाजू नको, पावडरचं दूध दे, बाळाला आधीच कावीळ होऊन गेलीय (२ दिवस लाइटखाली ठेवलेलं). मला तर रडूच येतंय.

उत्तर: अगं रडू नको, आधी बाळाला घे आणि पाज. लघवीचं इन्फेक्शन दुधातून बाळाला जात नाही. पाजणं एकदम बंद केलंस तर छाती दगडासारखी होईल, गाठी धरतील, आणि मग त्याचा ताप वेगळाच.

पण त्या उरलेल्या गोळ्या घेऊ नको. गोळी वाईट नाहीये, एरवी पाजणाऱ्या आयांनाही देतात, पण बाळ एक महिन्याच्या आतलं असेल आणि त्यातून कावीळ झालेली असेल तर डॉक्टर ती टाळतात. म्हणजे सासूबाईंची काळजी अगदीच चुकीची नाही, फक्त उपाय दूध तोडणं हा नाही, औषध बदलणं हा आहे. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह अशी पाजताना चालणारी औषधं आहेत, तुला कुठलं आणि किती दिवस ते तुझ्या डॉक्टरच ठरवतील. आजच फोन कर आणि "बाळ २२ दिवसांचं आहे, कावीळ झालेली, अंगावर पितंय" हे तीनही न विसरता सांग, कारण मोठ्या ओपीडीत कोणी विचारेलच असं नाही.

पहिली गोळी घ्यायच्या आधी लघवी तपासायला दे, रुटीन आणि कल्चर (कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडेल ते बघणारी तपासणी) दोन्ही. तुझं अजून अंगावरून जात असेल ना, त्यामुळे आधी पाण्याने स्वच्छ धू, सुरुवातीची थोडी लघवी सोडून दे आणि मधली डबीत धर, नाहीतर ते रक्त मिसळून रिपोर्ट उगाच खराब येतो. कल्चरला २-३ दिवस लागतात, तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने औषध चालू करतात, रिपोर्ट बघून गरज पडली तर बदलतात. बरं वाटलं म्हणून कोर्स मधेच सोडू नको. बाळाला शी थोडी पातळ झाली किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले तर घाबरू नको, बाळाच्या डॉक्टरांना दाखव.

आणि पाणी! बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, बाळाला सर्दी होते असं अजून कितीतरी घरांत सांगतात, ते ऐकू नको गं. दर वेळी पाजायला बसलीस की शेजारी तांब्या भरून ठेव. अजून एक, बाळ मांडीवर आत्ताच झोपलंय, उठले तर जागं होईल म्हणून आपण तास-दोन तास लघवी दाबून बसतो, मीही बसायचे. तसं बसू नको, सासूबाईंच्या मांडीवर दे आणि जाऊन ये.

थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखायला लागलं किंवा उलट्या झाल्या तर रात्र असली तरी थांबू नको, लगेच दवाखाना गाठ, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. ॲडमिट करावं लागलं तर बाळाला सोबत ठेवता येईल का ते विचार, तिथेही पाजता येतं.