उन्हाळ्यात साध्या वापरातही मोबाइल तापतो. बॅटरी बदलावी का?

आपला प्रश्न असा आहे की, घेऊन वर्षही न झालेला मोबाइल गेल्या काही दिवसांपासून नुसते बोलताना किंवा व्हॉट्सॲप पाहतानाही तापतो, दुपारी त्याचे चार्जिंग मध्येच थांबते आणि दुकानदार बॅटरी बदलायला सांगतो. तेव्हा ती बदलावी का, आणि फोन फुटण्याचा धोका आहे का? वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि मे महिन्यात हीच तक्रार घेऊन सर्वाधिक लोक येतात. आपण केलेल्या वर्णनावरून तरी मी सध्या बॅटरी बदलणार नाही.

मोबाइलला पंखा नसतो. प्रोसेसर, स्क्रीन, नेटवर्कचा भाग आणि बॅटरी यांत तयार होणारी उष्णता ग्रॅफाइटच्या पातळ थरातून मागच्या झाकणापर्यंत व कडांपर्यंत पसरते आणि तेथून हवेत जाते. ती किती वेगाने जाईल, हे फोन आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. हवा २५ अंश असेल तर ४० अंशांचा फोन आपली उष्णता सहज सोडतो. हवाच ४५ अंश असेल तर फोनला त्याहून अधिक तापल्याशिवाय उष्णता बाहेर टाकताच येत नाही. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि आपल्याकडे मे अखेरीच्या नवतप्याच्या दिवसांत ती सकाळीच ओलांडली जाते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, तीही अर्थात सावलीतली. टिनाच्या छपराखालच्या खोलीची गोष्ट वेगळीच. म्हणून तोच फोन, तोच वापर, पण दिवाळीत थंड आणि मे महिन्यात गरम, यात फोनचा दोष बहुतेक वेळा नसतो.

उन्हाचा हिशेब लोक करीत नाहीत, पण तो करून पाहण्यासारखा आहे. भर दुपारी स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. मोबाइलचा दर्शनी भाग सुमारे १६ सेंटिमीटर बाय साडेसात सेंटिमीटर धरला, तर त्या काळ्या काचेवर दहा ते बारा वॅट ऊर्जा पडते आणि तिच्यातील बरीचशी आत शोषली जाते. खुद्द फोन जोरात काम करीत असतानाही तीन ते पाच वॅटच्या आसपासच खर्च करतो. ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा दुचाकीच्या हँडलवर ठेवलेला फोन तापतो, तो मुख्यतः यामुळेच. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद करण्यासाठी, वावरात उभे राहून जीपीएस, कॅमेरा आणि पूर्ण उजेडावर गेलेली स्क्रीन एकाच वेळी चालवली की ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडिपीतही हाच अनुभव येतो. ते काम सकाळी करावे, आणि दुपारी करावेच लागले तर एका गट क्रमांकातील पिकाचा फोटो काढून झाल्यावर फोन काही मिनिटे धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत, स्क्रीन बंद करून ठेवावा.

आता ज्या कारणाकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही, त्याकडे वळतो. आपला फोन ‘नुसते बोलताना’ तापतो असे आपण लिहिले आहे, म्हणून ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. टॉवर दूर असेल तर फोनला आपला संदेश तेथवर पोहोचवण्यासाठी प्रक्षेपणाची शक्ती वाढवावी लागते. चांगल्या नेटवर्कमध्ये ती अत्यल्प असते, तर कमकुवत नेटवर्कमध्ये ४जी फोन ती साधारण ०.२ वॅटच्या कमाल मर्यादेपर्यंत नेतो. मात्र तेवढी शक्ती बाहेर टाकण्यासाठी आतला ॲम्प्लिफायर, म्हणजे संदेशाची शक्ती वाढवणारा भाग, तिच्या कितीतरी पट वीज घेतो आणि उरलेली सगळी उष्णता होते. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली सिमची स्थिती पाहिल्यास सिग्नलची तीव्रता वजा आकड्यात दिसते. वजा ८५ डीबीएमच्या (सिग्नल मोजण्याचे एकक) आसपास असेल तर उत्तम. वजा ११० किंवा त्याहून खाली असेल तर फोन सतत झगडतो आहे असे समजावे. गावाकडे आणखी एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे दुसऱ्या खाचेत असे सिम असते ज्याच्या कंपनीचे नेटवर्क गावात मिळतच नाही, आणि फोन दिवसभर ते शोधत राहतो. ते सिम सेटिंगमधून बंद करून ठेवा. ५जी येत-जात असेल तर फोन ४जीवर स्थिर करा. घरात ज्या कोपऱ्यात सिग्नल बरा मिळतो तेथे बसून बोलणे हा उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते कोणत्याही ‘कूलिंग ॲप’पेक्षा चांगला आहे. ती ॲप फोन थंड करीत नाहीत, उलट स्वतःच काम वाढवतात.

दुपारी चार्जिंग थांबते तो बिघाड नव्हे, संरक्षण आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करावी असा संकेत आहे. त्यापुढे गेल्यास फोन स्वतःहून विद्युतप्रवाह कमी करतो किंवा थांबवतो, स्क्रीन मंद करतो, प्रोसेसरचा वेग घटवतो. बॅटरीचे आयुष्य खरोखर कमी होते ते उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी हे दोन्ही एकत्र आल्यावर. आपल्याकडे अडचण अशी आहे की लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ती आली की लोक भर दुपारी फास्ट चार्जर लावतात आणि वर व्हिडिओही पाहतात. बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर ती चौपट होते. म्हणून उन्हाळ्यात फास्ट चार्जिंगची सोय सेटिंगमधून बंद करावी, किंवा भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी असलेला जुना दहा वॅटचा चार्जर वापरावा, आणि शक्यतो पहाटे ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करावे. फोन गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये. रबराचे जाड कव्हर म्हणजे फोनला मे महिन्यात घोंगडी पांघरण्यासारखेच आहे, तेव्हा निदान चार्जिंगच्या वेळी ते काढावे. कूलरच्या झोतात फोन ठेवायला हरकत नाही, फक्त पाण्याचे तुषार लागणार नाहीत इतक्या अंतरावर ठेवावा. फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते, आणि पाणी शिरलेला फोन दुरुस्त करणे बॅटरी बदलण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

फुटण्याविषयी. निरोगी बॅटरी ४५-५० अंशांना पेट घेत नाही. तिच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा वितळायलाच सुमारे १३० अंश लागतात. धोका असतो तो आतल्या आत शॉर्ट होण्याचा, म्हणजे बॅटरी दबली, टोचली गेली, फुगली किंवा हलक्या दर्जाची असली तर. सॅमसंगला २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ परत घ्यावा लागला, तेव्हाही कारण हवामान नव्हते, बॅटरीतील दोष होते. मागचे झाकण किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली, तर मात्र चार्जिंग ताबडतोब थांबवा, झाकण दाबून बसवू नका आणि फोन दुकानात न्या.

निर्णय घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. सकाळी सहाच्या सुमारास, कव्हर काढून, चार्जर न लावता, चांगल्या सिग्नलच्या जागी दहा-पंधरा मिनिटे व्हिडिओ पाहा. फोन कोमट राहिला तर बॅटरी बदलण्यात पैसे घालू नका. तेव्हाही तो हाताला चटका देत असेल, तर बॅटरीच्या वापराच्या यादीत कोणते ॲप वर आहे ते पाहा आणि ते काढून पुन्हा तपासा. एवढे करूनही फरक पडला नाही, तर आपला फोन अजून वॉरंटीत आहे; तो गावातल्या दुकानात न उघडता कंपनीच्या सेवा केंद्रातच दाखवा, कारण बाहेर एकदा उघडला की पुढे वॉरंटीबाबत वाद होतात.